रक्त पातळ करणारी गोळी आणि जवसाची चटणी

बाबांच्या हृदयात स्टेंट बसवून चार महिने झाले होते आणि त्यांची दाढ ठणकायला लागली. दाढ काढायची म्हणजे रक्त येणार, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रोजच्या दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या. मला तीन दिवसांनी कळलं. मी घाबरून ओरडलेच. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "अगं, गोळ्या बंद केल्यात, पण जवसाची चटणी दुप्पट खातोय. रक्त पातळ करायचं काम दोन्हींचं एकच ना?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. प्लेटलेट्सचे आकडे रोज डोळ्यांखालून जातात. तरी या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही, कारण बाबा पूर्ण चुकीचं बोलत नव्हते. गोळी आणि जवस शरीरातल्या एकाच साखळीला हात घालतात. फक्त दोघांचं बळ इतकं वेगळं आहे, की एकाच्या जागी दुसरं ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आधी 'रक्त पातळ होणं' हा शब्द बाजूला ठेवू. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. ते होतं तेवढंच दाट राहतं. बदलतो तो प्लेटलेट्सचा एकमेकींना चिकटण्याचा स्वभाव. आणि त्यांची संख्याही सहसा तीच राहते. 'इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) चालू आहे, म्हणून प्लेटलेट्स कमी आल्या का?' असं लॅबमध्ये मला वरचेवर विचारतात. नाही. डेंग्यूच्या साथीत आपल्या घराघरात जो आकडा पाठ होतो, दीड लाख ते साडेचार लाख, तो संख्येचा आहे. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे अगदी बारीकशा थेंबात, एवढ्या प्लेटलेट्स असतात. त्या किती चिकट आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मराठीत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात, पण घरोघरी प्लेटलेट्स हाच शब्द रुळलाय. इटलीतल्या तुरिनमध्ये जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास त्यांचं काम पहिल्यांदा नीट ओळखलं. या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या प्रचंड मोठ्या पेशींचे सुटून आलेले हे तुकडे आहेत, तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही लहान. त्यांना केंद्रक नसतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या एका उणिवेवर उभी आहे. केंद्रक नाही म्हणजे नवं प्रथिन बनवायची पाककृतीच जवळ नाही. जन्मताना जी सामग्री मिळाली, तिच्यावरच आठ-दहा दिवसांचं आयुष्य काढायचं.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर शाबूत असेपर्यंत प्लेटलेट्स त्याला घासून नुसत्या वाहत असतात. विळीवर बोट कापलं, की अस्तराखालचे कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. जवळून जाणाऱ्या प्लेटलेट्स त्यांना चिकटतात, चपट्या गोल होत्या त्या काटेरी होतात, आणि मग हाका मारायला लागतात. हाक म्हणजे रसायन. त्यातली एक हाक एडीपी नावाची. ती प्लेटलेटच्या पोटातल्या पुडीत आधीच भरून ठेवलेली असते, पुडी फुटली की बाहेर. दुसरी थ्रोम्बॉक्सेन. ती मात्र ताजी करावी लागते. प्लेटलेटच्या पापुद्र्यात ॲराकिडॉनिक ॲसिड नावाचं एक फॅटी ॲसिड विणलेलं असतं. ते कापून काढायचं, कॉक्स-१ नावाच्या एन्झाइमच्या हवाली करायचं, आणि त्यातून पुढे थ्रोम्बॉक्सेन तयार होतं. हे रसायन रक्तात अर्धं मिनिटही धड टिकत नाही. पण तेवढ्यात शेजारच्या प्लेटलेट्स जाग्या होतात, त्या आणखी हाका मारतात, आणि बघता बघता गठ्ठा जमतो. त्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं बसलं की पक्की गुठळी. वॉरफरिन किंवा हेपॅरिन ही औषधं या जाळ्याच्या बाजूने काम करतात, आपल्या दोन गोळ्या गठ्ठ्याच्या बाजूने. लोक दोघांनाही रक्त पातळ करणारी औषधं म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

बोटाला कापल्यावर हे सगळं वरदान आहे. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटतो तेव्हा मात्र प्लेटलेट्सना तीही जखमच वाटते. तिथे त्या तितक्याच इमानदारीने धावून जातात आणि तीन मिलिमीटरची वाट बुजवून टाकतात. नव्या स्टेंटची जाळीही त्यांना परकी असते. अस्तर तिच्यावर पांघरेपर्यंत काही महिने जातात, आणि बाबा त्याच महिन्यांत होते.

प्लेटलेट्सना आवर घालणारी यंत्रणाही शरीरात आहे. रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचं रसायन सतत झिरपवत असतं. थ्रोम्बॉक्सेन म्हणतं या, प्रोस्टासायक्लिन म्हणतं लांब राहा. गंमत अशी, की दोन्ही त्याच ॲराकिडॉनिक ॲसिडपासून बनतात.

हा चिकटपणा मोजायची युक्ती १९६२ मध्ये लंडनमध्ये गुस्टाव्ह बोर्न यांनी शोधली. (नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्न यांचे ते चिरंजीव. मॅक्स बोर्न १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळुरूला येऊन राहिले होते.) युक्ती इतकी साधी आहे की मला तिचं फार कौतुक वाटतं. प्लेटलेट्स असलेला रक्तद्रव काचेच्या नळीत घ्यायचा. तो गढूळ दिसतो. त्यातून प्रकाश सोडायचा, थोडं एडीपी टाकायचं आणि ढवळत राहायचं. प्लेटलेट्सचे गोळे व्हायला लागले की द्रव निवळतो आणि जास्त प्रकाश पलीकडे पोचतो. ताक ठेवून दिलं की वर निवळी येते ना, तसंच काहीसं. या एका यंत्रामुळे 'अमुक औषधाने, अमुक तेलाने प्लेटलेट्सचं काय होतं' हा प्रश्न पहिल्यांदा आकड्यांत मांडता आला.

ॲस्पिरिनची शंका मात्र त्याआधीच एका माणसाला आली होती. कॅलिफोर्नियात ग्लेनडेल इथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढल्यावर दुखू नये म्हणून ते रुग्णांना ॲस्पिरिनचं च्युइंगगम चघळायला देत. जे जास्त चघळत, त्यांच्या घशातून जास्त रक्त येई. दुसरा कुणी असता तर गम बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हन यांनी उलटा विचार केला: ज्याने इथलं रक्त थांबत नाही, ते हृदयात गुठळी होऊ देणार नाही. १९५० पासून त्यांनी लहान वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, की आपण हजारो मध्यमवयीन पुरुषांना ॲस्पिरिन दिलं आणि त्यांना झटका आला नाही. तुलनेला गोळी न घेणारा गट नव्हता, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेले. त्यांची पद्धत कच्ची होती हे मान्य, तरी त्यांची आठवण आली की मला वाईट वाटतं.

मग एकेक कडी जुळत गेली. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ॲस्पिरिन कॉक्सच्या वाटेवरचं उत्पादन बंद पाडतं. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाला थ्रोम्बॉक्सेन सापडलं, पुढच्या वर्षी व्हेन यांच्या गटाला प्रोस्टासायक्लिन. १९८२ चं नोबेल या दोघांना आणि सुने बर्गस्ट्रॉम यांना मिळालं.

ॲस्पिरिन नेमकं करतं काय? कॉक्स-१ एन्झाइमला एक अरुंद बोळ असतो, त्यातून ॲराकिडॉनिक ॲसिड आत शिरतं. ॲस्पिरिन त्या बोळात जाऊन आपला एक तुकडा भिंतीला कायमचा डकवून येतं. बोळ बंद. आता केंद्रक नसल्याची गोष्ट आठवा. दुसरी कुठली पेशी असती, तर काही तासांत नवं एन्झाइम बनवून कामाला लागली असती. प्लेटलेटला ते जमत नाही. ती मरेपर्यंत मुकीच राहते. म्हणून हे औषध स्वतः रक्तात जेमतेम वीस मिनिटांनी निम्मं होतं, आणि त्याचा परिणाम मात्र त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. अस्थिमज्जा रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट्स सोडते, त्या बोलक्या असतात. त्यांना गप्प करायला रोज एक गोळी.

आणि गोळी एवढी बारकी का? डोकेदुखीला ३५० मिलिग्रॅम लागतं, मग हृदयाला ७५ कसं पुरतं? तोंडावाटे घेतलेलं ॲस्पिरिन आतड्यातून आधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं. तिथून वाहणाऱ्या प्लेटलेट्सना ते पूर्ण ताकदीने भेटतं. पुढे यकृत त्यातलं जवळजवळ निम्मं मोडून टाकतं, म्हणून उरलेल्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत थोडंच पोचतं. अस्तराच्या पेशींना केंद्रकही असतं, त्या पुन्हा एन्झाइम बनवतात. म्हणजे 'या' म्हणणारं रसायन जवळजवळ बंद आणि 'लांब राहा' म्हणणारं बरंचसं चालू. औषधशास्त्रात मला माहीत असलेल्या सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे. डोस वाढवला तर हृदयाला फायदा वाढत नाही, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका तेवढा वाढतो.

याचा उपयोग किती, ते १९८८ मध्ये आयसिस-२ नावाच्या चाचणीने दाखवलं. झटका आल्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण. त्यातल्या निम्म्यांना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. एवढ्या स्वस्त गोळीने!

पण ज्यांना काहीही झालेलं नाही त्यांनी 'सावधगिरी म्हणून' रोज ॲस्पिरिन घ्यावं का? हे आपल्याकडे सर्रास चालतं, म्हणून सांगते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ धडधाकट ज्येष्ठांवरच्या ॲस्प्री चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाला म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. शेजारच्या काकांना चालू आहे म्हणून आपणही सुरू करण्याची ही गोळी नव्हे.

क्लोपिडोग्रेल थ्रोम्बॉक्सेन सोडून उरलेल्या हाकेवर काम करतं. एडीपीची हाक ज्या कानाने ऐकू येते, तो पी-टू-वाय-ट्वेल्व्ह नावाचा ग्राहक (रिसेप्टर) ते बंद करतं. दोन वेगळ्या हाका, म्हणून दोन वेगळ्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल पोटात जाताना निष्क्रिय असतं. त्याचा बराचसा भाग वाया जातो, थोडासाच यकृतात औषध बनतो. ते बनवणाऱ्या एन्झाइमचा मंद प्रकार जन्मतःच असणारे लोक आशियात युरोपपेक्षा जास्त आहेत. त्यांच्यावर हे औषध कमी चालतं, म्हणून काहींना डॉक्टर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. ॲसिडिटीची ओमेप्राझोल ही गोळीसुद्धा त्याच एन्झाइमला अडकवून ठेवते. तेव्हा पित्ताची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नये.

त्याहून घातक म्हणजे गुडघेदुखीची गोळी. आयब्युप्रोफेन कॉक्सच्या त्याच बोळात शिरतं, पण काही डकवत नाही, नुसतं दारात बसून राहतं. त्याच वेळी ॲस्पिरिन आलं तर त्याला वाटच मिळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ॲस्पिरिन ओसरायला लागतं, काही तासांनी आयब्युप्रोफेनही निघून जातं, आणि प्लेटलेट पुन्हा बोलायला मोकळी! रुग्णाला वाटतं, गोळी तर घेतली होती. डेंग्यूच्या तापात तर ही दोन्ही टाळायची असतात, तापासाठी पॅरासिटामॉल. आणि स्टेंट असलेल्या माणसाला डेंग्यू झाला, तर गोळ्यांचं काय करायचं हे त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

आता चटणी.

डेन्मार्कचे हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग १९७० मध्ये ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उमानाक भागात गेले. तिथले इनुइट लोक सील, व्हेल, मासे खात, म्हणजे चरबी भरपूर, आणि तरी त्यांच्यात हृदयविकार कमी असल्याचं बोललं जाई. (पुढे या समजुतीवरच बरेच प्रश्न उभे राहिले. त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीच अपुऱ्या होत्या.) पण रक्ताचे नमुने खोटं बोलत नव्हते. इनुइटांना छोटी जखम केली तर रक्त थांबायला सुमारे आठ मिनिटं लागत, डेन्मार्कमधल्या लोकांना पाचच्या आत. आणि त्यांच्या प्लेटलेट्सच्या पापुद्र्यात ॲराकिडॉनिक ॲसिड कमी आणि ईपीए नावाचं माशातलं ओमेगा-३ फॅटी ॲसिड जास्त होतं. ऑक्सफर्डचे ह्यू सिंक्लेअर यांनी तर स्वतः शंभर दिवस फक्त मासे आणि सील खाऊन पाहिलं. त्यांचा रक्त थांबायचा वेळ कितीतरी पटींनी वाढला.

कारण कच्च्या मालात आहे. ॲस्पिरिन यंत्र बंद पाडतं, आहारातली चरबी यंत्रात जाणारा माल बदलते. पापुद्र्यात ईपीए विणलं गेलं की कापल्यावर तेच कॉक्सच्या हातात पडतं. त्यातून जे थ्रोम्बॉक्सेन निघतं, ते किंचित वेगळ्या घडणीचं असतं आणि त्याची हाक अगदी क्षीण असते. अस्तराकडून निघणारं प्रोस्टासायक्लिनचं भावंड मात्र पहिल्याइतकंच जोमदार. ही अदलाबदल व्हायला आठवडे लागतात, कारण जुना माल संपून नवा भरावा लागतो. आणि ती कधीच पूर्ण होत नाही. इथेच मोठी गोम आहे. थ्रोम्बॉक्सेन अर्ध्याने कमी होऊन उपयोग नसतो. ९५ टक्क्यांहून जास्त बंद पडलं, तरच प्लेटलेट्सच्या वागण्यात भरवशाचा फरक पडतो. ॲस्पिरिन तिथवर पोचतं. बांगड्याचं कालवण पोचत नाही.

म्हणून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे निकाल इतके उलटसुलट आहेत. १९९९ मध्ये इटलीत झटका येऊन गेलेल्या ११ हजारांवर रुग्णांत रोज एक ग्रॅमने मृत्यू कमी झाले. २०१८ मध्ये अमेरिकेत २५,८७१ निरोगी लोकांवर जवळपास तोच डोस मुख्य कसोटीवर निष्फळ ठरला. त्याच वर्षी शुद्ध ईपीएच्या चार ग्रॅमने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढलेल्या रुग्णांत झटक्यासारख्या घटना पावपट कमी झाल्या, पण हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. आणि दुकानात १००० मिलिग्रॅम असं मोठ्या अक्षरात लिहिलेली साधी कॅप्सूल उलटून पाहा. त्यात बहुतेकदा ईपीए १८० आणि डीएचए हे माशातलं दुसरं ओमेगा-३ १२० असतं, बाकी इतर चरबी.

जवसात ईपीए नसतं. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक ॲसिड असतं, ते ईपीएचं मूळ रूप. आपलं शरीर त्यातलं शंभरातलं जेमतेम पाच-दहा ईपीएपर्यंत नेतं, कधी त्याहून कमी. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी मी आवडीने खाते, आणि तारली, बांगडा तर आठवड्यातून दोनदा खावेतच. पण प्लेटलेट्सच्या हिशेबात जवस ही फार लांबची नातेवाईक आहे.

तेलांबद्दल थोडंसं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांत लिनोलेइक ॲसिड (वरचं लिनोलेनिक नव्हे) भरपूर, आणि शरीर त्यापासून ॲराकिडॉनिक ॲसिड बनवू शकतं. म्हणून 'करडईचं तेल रक्त घट्ट करतं' असे मेसेज फिरतात. प्रत्यक्षात लिनोलेइक वाढवलं तरी रक्तातलं ॲराकिडॉनिक फारसं हलत नाही, शरीर ते आपल्या मापात ठेवतं. लोणी-सायीतल्या संपृक्त चरबीचं मात्र वेगळं. फ्रान्समध्ये सर्ज रनो यांनी फिरती प्रयोगशाळा घेऊन शेतकऱ्यांचं रक्त तपासलं. लोणी-साय भरपूर खाणाऱ्या मोझेल भागातल्यांच्या प्लेटलेट्स ऑलिव्ह तेल खाणाऱ्या वार भागातल्यांपेक्षा लवकर गोळा होत. लसूण-आल्याने नळीतल्या प्लेटलेट्स खरोखर मंदावतात, पण नळीत ओतलेला अर्क आणि भाजीतल्या चार पाकळ्या यांत फार अंतर आहे.

मी बाबांना हे सगळं सांगितलं नाही. कागदावर प्लेटलेट काढली, बोळ काढला, त्याला बूच मारलं. बाजूला जवसाचा दाणा काढून त्याच्यापासून त्या बोळापर्यंत लांबलचक नागमोडी वाट काढली. त्यांनी चष्मा लावून ती वाट बोटाने चालून पाहिली. त्याच संध्याकाळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, दोन्ही गोळ्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी दंतवैद्यांशीही बोलून घेतलं. दाढ पुढच्या आठवड्यात निघाली, दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच. एक टाका घातला, कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगितला. बाबांनी तो पाऊण तास धरला. संध्याकाळपर्यंत लाळेत थोडी लाली होती, सकाळी तीही नव्हती. आईने त्यांना मऊ भात दिला आणि चटणी चार दिवस फडताळात ठेवून दिली, कारण जवसाचे कण जखमेत अडकतात.